त्याच तापातून यकृत सावरलं, लहान मेंदू नाही : ग्वाल्हेरमधलं उष्माघाताचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ५६, धंदा आचाऱ्याचा, राहणार लष्कर भाग, ग्वाल्हेर. उष्माघातातून वाचून दहा आठवडे झाले तरी बोलणं अडखळतं, चालताना तोल जातो, हात नेमक्या जागी पोचत नाही, ही तक्रार. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना अण्णा म्हणू.

प्रकरण लिहायचं कारण उष्माघात नाही. ग्वाल्हेरला उष्माघाताचं नवल कोणाला? कारण हे की अण्णांच्या यकृताला आणि लहान मेंदूला, म्हणजे तोल आणि हालचाली सांभाळणाऱ्या भागाला, एकाच दुपारी, एकाच तापमानाचा मार बसला. दुसऱ्या दिवशीचे कागद पाहणारा कोणीही म्हणाला असता की यकृत गेलं. पण यकृत तीन आठवड्यांत पूर्ववत झालं, आणि ज्याबद्दल त्या कागदांत एक ओळही नव्हती तो लहान मेंदू कायमचा अधू झाला. दोघांत हा फरक का पडला, याचं उत्तर चेतापेशी आपली प्रथिनं कशी बनवते, कशी सांभाळते आणि कशी मोडीत काढते यात आहे.

घडलं ते असं

नौतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, तिच्यात तीन भट्ट्या पेटलेल्या. बाहेर पारा ४५ च्या आसपास. पत्र्याखाली, भट्टीशेजारी काय असेल याचा हिशेब कोणी ठेवत नाही. दुपारची पंगत उठली होती आणि रात्रीच्या जिलबीचं काम सुरू झालं होतं.

घरच्यांचा मला पहिला प्रश्न हाच होता. अण्णांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यांचं अख्खं आयुष्य भट्टीपुढे गेलं. मग यंदाच कसं लागलं?"

प्रश्न बरोबर होता. शरीराला उन्हाची सवय होते हे खरं, आणि ती सवय नुसती घाम लवकर येण्यापुरती नसते; पेशींमधला संरक्षक प्रथिनांचा साठाही तिच्यात वाढतो. ही तयारी व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि उन्हापासून लांब राहिलं की काही आठवड्यांत ती ओसरते. अण्णा मुलीकडे पुण्याला जाऊन, जवळजवळ महिनाभर राहून, लग्नाच्या दोनच दिवस आधी परतले होते. गाडीतच पोट बिघडलं. जुलाब झाले, कळा येत होत्या म्हणून औषधाच्या दुकानातून डायसायक्लोमिनच्या गोळ्या आणल्या आणि त्या दिवशीही घेतल्या. ही गोळी आतड्याची कळ थांबवते त्याच मार्गाने घामही कमी करते. त्यात रक्तदाबासाठी रोजची हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळी, म्हणजे लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर. जुलाबाने पाणी गेलेलं, गोळीने घाम अडलेला, आणि सवय पुण्यात राहिलेली. तीस वर्षांचा भट्टीचा अनुभव त्या दिवशी कामाचा नव्हता.

तीनच्या सुमारास अण्णा भलतंच बोलायला लागले. पोऱ्यावर ओरडले, मग पाकाच्या कढईत पिठाचं भांडं रिकामं केलं. सगळ्यांना वाटलं चिडलेत. पाचेक मिनिटांत ते खाली बसले आणि आडवे झाले. अंग तापलेलं, पण कोरडं. चक्कर आली, बीपी खाली गेलं, असं समजून त्यांना आतल्या खोलीत नेऊन पंख्याखाली झोपवलं, साखरपाणी पाजायचा प्रयत्न झाला, कोणीतरी पॅरासिटामॉलची गोळी तोंडात घातली. गाडी मिळून रुग्णालयात पोचेपर्यंत दोन तासांच्या वर वेळ गेला होता.

तिथे गुदद्वारातलं तापमान ४१.८ अंश सेल्सियस. लगेच फिटचा झटका आला. ओल्या चादरी, काखेत आणि जांघेत बर्फ, पंखे, थंड सलाइन, सगळं झालं. ताप ३९ च्या खाली यायला आणखी तासाहून जास्त लागला. सीटी स्कॅन स्वच्छ. दुसऱ्या दिवशी यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी चार हजारांवर, मूत्रपिंडांचं क्रिएटिनिन २.६, प्लेटलेट खाली, स्नायूंची इजा दाखवणारं सीपीकेही खूप वाढलेलं. चौथ्या दिवशी अण्णा शुद्धीवर आले आणि मुलाला नावाने हाक मारली. ती हाक जडावलेली होती, जिभेवर गोळा ठेवल्यासारखी. घरच्यांना सांगण्यात आलं, अशक्तपणा आहे, भरून निघेल.

यकृत भरून निघालं. मूत्रपिंडंही.

तपासणीत काय दिसलं

दहाव्या आठवड्यात अण्णा माझ्याकडे आले ते मुलाच्या खांद्यावर हात टाकून, पाय फाकवून. बोलणं तुटक, प्रत्येक अक्षरावर वेगळा जोर, जणू मुलांना शुद्धलेखन सांगताहेत. डोळे बाजूला वळवले की बुबुळं हिसके देत. बोट नाकाला लावायला सांगितलं तर नाकाजवळ येता येता थरथर वाढायची आणि बोट गालावर टेकायचं. तळवा मांडीवर सुलटा-उलटा भराभर आपटायला सांगितलं, तिसऱ्या खेपेलाच लय मोडली. हातापायांत ताकद मात्र पुरेपूर होती. संवेदना शाबूत होत्या.

आणि स्मरणशक्ती उत्तम. दोनशे माणसांच्या मठ्ठ्याला दही किती, जिलबीला मैदा किती, पाकाला साखर किती, हे त्यांनी न अडखळता सांगितलं. म्हणजे जीभ अडखळली, आकडा नाही. हे मी मुद्दाम विचारलं होतं. मेंदूला प्राणवायू कमी पडून इजा झाली असती तर हिप्पोकॅम्पस, जिथे नवीन आठवणी बनतात तो भाग, सहसा पहिल्या फळीत सापडतो. अण्णांना सकाळी कोण भेटून गेलं हेही आठवत होतं.

अशा रुग्णांना आम्ही कागदावर आतून बाहेर जाणारी गोल वेढ्यांची आकृती काढायला देतो. अण्णांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "हे तर माझंच काम." पेन घेतलं. पहिला वेढा कसाबसा आला, दुसरा पहिल्याला जाऊन चिकटला, तिसऱ्याला कोपरे फुटले. मुलाने मोबाइलवर आदल्या वर्षीचा व्हिडिओ दाखवला: कढईवर फडक्याची पोटली, मनगट जेमतेम हलतंय आणि तेलात एकसारख्या जिलब्या पडताहेत, बोलता बोलता, खाली न बघता. लहान मेंदूचं काम कोणाला समजावून सांगायचं असेल तर मला याहून चांगलं प्रात्यक्षिक सापडणार नाही. आता त्याच हाताने घातलेली जिलबी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला तुटलेली निघते, असं मुलगा म्हणाला. त्यांनी घरी एकदा करून पाहिलं होतं.

लहान मेंदूला त्रास देणारी दुसरी कारणं तपासणं भाग होतं. झटक्यासाठी फेनिटोइन चालू होतं आणि फेनिटोइनची मात्रा रक्तात वाढली की नेमकी हीच लक्षणं दिसतात. पातळी मोजली, मर्यादेत निघाली. तरी औषध बदलून लेव्हेटिरासेटाम दिलं. फरक नाही. दारूचा प्रश्न नव्हता, लिथियम कधी घेतलं नव्हतं, थायरॉइड आणि बी-१२ ठीक. रुग्णालयात केलेला पहिला एमआरआय निर्दोष होता. दहाव्या आठवड्यातल्या एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या घड्यांमधल्या फटी रुंद झालेल्या दिसल्या. पेशी गेल्या होत्या, आणि त्या दुपारी एका फटक्यात गेल्या नव्हत्या.

पेशीच्या आत

उष्माघातात लहान मेंदूच का, हा प्रश्न जुना आहे. १९४६ साली अमेरिकी लष्करातल्या उष्माघाताच्या १२५ मृतांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लहान मेंदूतल्या पर्किंजी नावाच्या मोठ्या चेतापेशींची हानी ठळकपणे नोंदलेली आहे, आणि रुग्ण जितके तास-दिवस जगला तितकी ती जास्त. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही शवविच्छेदनांतही पर्किंजी पेशी मोठ्या प्रमाणात गेलेल्या आणि हिप्पोकॅम्पस मात्र वाचलेला आढळला. निव्वळ प्राणवायूची कमतरता असती तर असं चित्र दिसलं नसतं. उष्णता स्वतःच काहीतरी करते.

करते ते असं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट घडीत दुमडली तरच कामाची. बहुतेक प्रथिनांची घडी फार मजबूत नसते. तापमान चार-पाच अंशांनी वाढलं की त्यातली नाजूक प्रथिनं उलगडायला लागतात, आतले चिकट भाग उघडे पडतात आणि शेजारच्या उलगडलेल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात. पेशीकडे यावर तीन तऱ्हेचे उपाय आहेत: घडी पुन्हा घालणं, घडी न बसणारं मोडीत काढणं, आणि तोवर नवीन प्रथिनं बनवणं थांबवणं.

पहिल्या उपायाचा शोध अपघाताने लागला. इटलीतले फेरुचियो रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं पाहत होते. उबवणीपेटीचं तापमान वाढलं आणि गुणसूत्रांवर एरवी न दिसणारे फुगवटे दिसले. १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. हे फुगवटे ज्या जनुकांचे होते त्यांची प्रथिनं पुढे उष्मा-आघात प्रथिनं म्हणून ओळखली गेली. एचएसपी-७० हे त्यांतलं सर्वात चर्चेतलं. ती इतर प्रथिनांना घडी घालायला मदत करतात; अशा मदतनीसांना शॅपरोन म्हणतात. एरवी एचएसएफ-१ नावाचा जनुकांचा चालक शॅपरोन प्रथिनांनी धरून ठेवलेला असतो. उलगडलेली प्रथिनं वाढली की शॅपरोन तिकडे धावतात, चालक मोकळा सुटतो, केंद्रकात जातो आणि आणखी शॅपरोन बनवायचा हुकूम देतो. मागणी वाढली की पुरवठा आपोआप वाढावा अशी ही रचना आहे.

इथेच चेतापेशींची पहिली अडचण येते. प्राण्यांना तापवून पाहिलेल्या प्रयोगांत मेंदूतल्या आधारपेशी, म्हणजे ग्लिया, नवीन एचएसपी-७० जोरात बनवतात. अनेक चेतापेशींत मात्र ही वाढ फिकी असते. त्यांचा भर एरवीच बाळगलेल्या नेहमीच्या शॅपरोनच्या साठ्यावर असतो. रोजच्या तापाला तो पुरतो. ४१.८ ला, दोन-तीन तास, पुरेलच असं नाही.

दुसरा उपाय मोडीचा. बिघडलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनांची साखळी लावली जाते आणि प्रोटिएसोम नावाचं पेशीतलं मोडणीयंत्र ते ओळखून आत ओढून तुकडे करतं. या कामासाठी सिचेनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रोटिएसोमच्या तोंडात न मावणारे गठ्ठे आणि निकामी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, ऑटोफॅजीच्या वाट्याला येतात: त्यांच्याभोवती पिशवी बनते आणि ती लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या कप्प्यात रिकामी होते. योशिनोरी ओसुमी यांचं २०१६ चं नोबेल याच शोधाचं. चेतापेशीत ही यंत्रणा किती अटळ आहे हे २००६ मध्ये दोन जपानी गटांनी दाखवलं. त्यांनी उंदरांच्या चेतापेशींतली ऑटोफॅजीची जनुकं बंद केली, बाकी काहीही बिघडवलं नाही. कसलंही विषारी प्रथिन घातलेलं नसताना उंदरांच्या हालचाली बिघडल्या आणि पर्किंजी पेशी मेल्या. रोजची सफाई थांबवणं एवढंच पुरेसं होतं.

या दोन्ही उपायांना, शॅपरोनना आणि प्रोटिएसोमला, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतो. उष्माघातात रक्तदाब घसरलेला, झटका आलेला, मायटोकॉन्ड्रिया तापाने स्वतःच बेजार. कचरा सर्वाधिक असतो तेव्हाच तो काढायला लागणारी ऊर्जा सर्वात कमी असते.

तिसरा उपाय, उत्पादन थांबवण्याचा, मी अण्णांनाच समजावला, त्यांच्या भाषेत. पंगत उठली आणि उष्टी पानं काढलीच गेली नाहीत, तर वाढपी कितीही ताटं घेऊन उभे राहोत, पुढची पंगत बसत नाही; शहाणा आचारी अशा वेळी तळण थांबवायला सांगतो. पेशीतही असंच होतं. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या कारखान्यात न दुमडलेली प्रथिनं तुंबली की पर्क नावाचं प्रथिन जागं होतं आणि ईआयएफ-२ अल्फा या घटकावर फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का बसला की बहुतेक प्रथिनांचं उत्पादन थंडावतं. ताण ओसरला की शिक्का पुसायचा आणि काम पुन्हा सुरू. अण्णांनी ऐकून घेतलं आणि तुटक तुटक विचारलं, "आणि तळण पुन्हा सुरू करायचा हुकूम आलाच नाही तर?"

त्यांचा प्रश्न मुद्द्यावर होता. २०१२ साली जिओव्हाना मालुची यांच्या गटाने प्रायॉन रोग, म्हणजे वाकड्या घडीच्या प्रथिनाने होणारा मेंदूचा रोग, झालेल्या उंदरांत हेच पाहिलं. शिक्का बराच काळ तसाच राहिला, चेतापेशींच्या जोडण्यांना लागणारी प्रथिनं बनेनाशी झाली, आधी जोडण्या गेल्या, मग पेशी. शिक्का पुसण्याची सोय केल्यावर, रोगट प्रथिन तसंच असूनही, पेशी वाचल्या. म्हणजे थोडा वेळ जो उपाय वाचवतो, तोच लांबला तर मारतो.

आता पर्किंजी पेशी. लहान मेंदूच्या सालीतून बाहेर जाणारा प्रत्येक निरोप या पेशींतूनच जातो. एकेका पेशीचा फांद्यांचा पसारा इतका मोठा की त्यावर लाखाहून अधिक जोडण्या येतात. आणि ती स्वस्थ बसलेली असतानाही सेकंदाला अनेक डझन वेळा स्पंदत असते. एवढ्या पसाऱ्याला रोज लागणारी प्रथिनं बनवायची, घडी घालायची, पोचवायची आणि जुनी परत आणून मोडायची. प्रथिनांच्या कारभारात जरा बिघाड झाला की पहिली हीच पेशी कोलमडते, याचे पुरावे उष्णतेशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणांहून येतात. सिल-१ हे शॅपरोनचं मदतनीस प्रथिन नसलेल्या उंदरांत पर्किंजी पेशी मरतात. त्याच जनुकाच्या दोषाने माणसांत मारिनेस्को-श्योग्रेन आजार होतो आणि लहान मुलांचा तोल जातो. २००६ मध्ये आणखी एक उंदीर सापडला, ज्याच्यात अ‍ॅलानिनच्या जागी अधूनमधून सेरिन जोडलं जायचं. एवढी किरकोळ अक्षरचूक. पण त्यातून वाकड्या घडीची प्रथिनं तयार होत राहिली आणि पर्किंजी पेशी गेल्या. शरीरातल्या बाकी बहुतेक पेशींनी ती चूक पचवली.

मला या प्रकरणात सर्वात पटणारा पुरावा हाच वाटतो. अण्णांच्या पर्किंजी पेशी कोणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या नाहीत. त्यांच्याबाबत जे म्हणतो ते तपासणी, एमआरआय आणि इतरांच्या प्रयोगांवरून काढलेलं अनुमान आहे. पण तीन वेगवेगळ्या वाटा एकाच पेशीपाशी येऊन थांबत असतील तर ते अनुमान कच्चं नाही.

यकृत का सावरलं

यकृताची पेशी गरज पडली की विभागते. विभागताना बिघडलेली प्रथिनं दोघींत वाटली जातात, आणि जी पेशी मेली तिची जागा दुसरी घेते. शिवाय तिथली प्रथिनं एरवीही झपाट्याने बदलतात: उंदरांत मोजलेल्या सरासरीनुसार यकृतातलं प्रथिन सुमारे ३ दिवसांत निम्मं बदलून होतं, मेंदूतलं सुमारे ९ दिवसांत. मेंदूत काही प्रथिनं तर महिनोन्‌महिने तीच राहतात. चेतापेशी विभागत नाही, त्यामुळे नुकसान वाटून टाकायला दुसरी पेशीच नाही. जे बिघडलं ते तिने स्वतःच, तिच्या संथ चालीने, निस्तरायचं. निस्तरता आलं तर जगायचं.

एसजीपीटी हजारांवर जाऊन तीन आठवड्यांत खाली येणं आणि लहान मेंदू दहा आठवड्यांनी आक्रसलेला दिसणं, या दोन्हींचा मेळ इथे बसतो. यकृताची इजा मोठी आणि लगेच दिसणारी, दुरुस्तीही तशीच. पर्किंजी पेशींतल्या बऱ्याचशा त्या दुपारी मेल्या नव्हत्या. त्या तुंबल्या, त्यांतल्या काही आठवडाभरात सावरल्या असतील, बाकीच्या हळूहळू गेल्या. पहिला एमआरआय निर्दोष होता म्हणून पुढे काही होणार नाही, हा निष्कर्ष उष्माघातात काढता येत नाही. 'अशक्तपणा' हे निदान तर कुठल्याच रुग्णाच्या कागदावर लिहू नये असं माझं मत आहे. त्याने चार महिने टॉनिकात जातात.

औषध आहे का

मुलाने इंटरनेटवर बरंच वाचून आणलं होतं. पेशीवरचा ताण कमी करणारी औषधं येताहेत ना, असा त्याचा प्रश्न. येताहेत म्हणण्यापेक्षा येऊन परत गेली म्हणणं जास्त खरं. पर्कला अडवणाऱ्या रसायनाने उंदरांच्या चेतापेशी वाचल्या, पण स्वादुपिंडाची नासाडी झाली, कारण तिथल्या पेशींना पर्क रोजच लागतं. एएलएस या चेतापेशींच्या आजारात सोडियम फिनाइलब्युटिरेट आणि टॉरुरसोडायॉल यांची जोडगोळी रेटिक्युलमवरचा आणि मायटोकॉन्ड्रियावरचा ताण हलका करेल या आशेने २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. २०२४ मध्ये मोठ्या चाचणीत ती निरुपयोगी ठरली आणि कंपनीने स्वतःच बाजारातून मागे घेतली. उष्माघातात डॅन्ट्रोलीन हे स्नायू सैल करणारं औषध देऊन पाहिलं गेलं आहे. १९९१ मध्ये आलेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. अण्णांना कोणीतरी महिनाभर 'नसांच्या ताकदीची' महागडी इंजेक्शनं लिहून दिली होती. ती बंद केली. काकूंना ते आवडलं नाही, आणि मी समजू शकतो. काहीच न देणारा डॉक्टर कोणाला आवडतो?

द्यायचं ते फिजिओथेरपीचं. तोल सांभाळण्याचे व्यायाम, रोज, कंटाळा येईल इतके, बोलण्यासाठी वाचा-उपचार, घरातल्या जिन्याला आणि न्हाणीघरात धरायला दांडे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी बदलून दुसरी दिली. डायसायक्लोमिन उन्हाळ्यात विनाविचारणा घ्यायचं नाही, हे घरच्या सगळ्यांना सांगितलं.

बर्फ वीस पावलांवर होता

एक गोष्ट मात्र कोणालाही करता आली असती. मठ्ठ्यासाठी आणलेल्या बर्फाच्या लाद्या, भुश्यात घालून, पोत्यांत गुंडाळून, अण्णा जिथे पडले तिथून वीस पावलांवर ठेवल्या होत्या. शेजारी पाण्याची टाकी होती. ताप चढला म्हणून पॅरासिटामॉल दिलं गेलं; पण ते औषध मेंदूने स्वतः वर चढवलेलं तापमान खाली आणतं, जसं मलेरियात किंवा फ्लूत. उष्माघातात मेंदूने काहीच चढवलेलं नसतं, शरीरच तापलेलं असतं. तिथे ही गोळी काम करत नाही, उलट आधीच पोळलेल्या यकृतावर आणखी भार टाकते. बेशुद्धाच्या तोंडात साखरपाणी ओतणं तर फुप्फुसात पाणी जाण्याचा धोका.

कष्टाच्या उष्माघातात जगभरचा नियम आहे: आधी थंड करा, मग हलवा. अर्ध्या तासाच्या आत शरीर ३९ च्या खाली आणायचं. पाण्याच्या टाकीत डोकं वर धरून गळ्यापर्यंत बसवा, बर्फाचं पाणी अंगावर सतत ओता, ओल्या कपड्यावर पंखा लावा. जे हाताशी असेल ते. एवढी घाई का? कारण उलगडलेलं प्रथिन सुरुवातीला पुन्हा दुमडता येतं. वेळ जाईल तसे गठ्ठे होतात, आणि गठ्ठा झालेल्या प्रथिनाला पुन्हा घडी घालणं फार अवघड, ते बहुधा मोडीतच काढावं लागतं. अण्णांच्या बाबतीत भट्टीपासून ३९ अंशांपर्यंत तीन तासांहून जास्त गेले. रुग्णालयात झालेल्या उपचारांत मला दोष दिसत नाही. तिथे पोचेपर्यंतच बराचसा निकाल लागला होता.

अण्णांच्या मुलाने आता सगळ्या पोऱ्यांना एक गोष्ट शिकवली आहे: उन्हाळ्यात भट्टीवरचा माणूस भलतंच बोलायला लागला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याच्यावर पाणी ओतायचं. इतकं सोपं वाक्य मला सुचलं नसतं.

सध्याची स्थिती

तोलाच्या बिघाडासाठी सारा नावाची मोजपट्टी वापरतात. शून्य म्हणजे निर्दोष, ४० म्हणजे पूर्ण परावलंबी. दहाव्या आठवड्यात अण्णांचे गुण १८ होते, सहा महिन्यांनी १२.५, वर्षाने १२. पहिल्या सहा महिन्यांतली सुधारणा वाचलेल्या पेशींनी आणि व्यायामाने मिळवलेली. त्यानंतर रेघ सपाट झाली आहे. अण्णा काठीशिवाय घरात फिरतात, बाहेर काठी लागते. बोलणं कळतं, फोनवर कमी कळतं. भट्टीपाशी ते उभे राहत नाहीत. खुर्चीवर बसून मापं सांगतात आणि पाकाची तार बघतात, कारण ती बोटांच्या चिमटीत बघायची असते आणि चिमूट जवळ धरली की थरथर कमी असते. जिलबी मुलगा घालतो. उन्हाळ्यात त्यांनी दुपारी शेडमध्ये जायचंच नाही, या अटीवर मी अडून आहे. एकदा उष्माघात झालेल्या माणसाची उष्णता सोसण्याची ताकद पुढे बराच काळ कमी राहू शकते.

मुलाने विचारलं की हे त्यालाही होईल का. उष्माघाताने झालेली इजा वारशाने जात नाही. पण लहान मेंदू आक्रसण्याचे आनुवंशिक आजारही असतात, आणि एखादा आधीपासून दबा धरून होता व तापाने उघडा पडला, ही शक्यता कागदावर तरी उरतेच. घराण्यात कोणाचा तोल गेल्याचा इतिहास नाही आणि आनुवंशिक आजारात रेघ सपाट न राहता वर्षागणिक चढत जाते. म्हणून जनुकीय तपासणीवर आत्ता पैसे घालवायला मी सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या तपासणीत गुण १२ वरून ठळकपणे वर गेलेले दिसले तर ती करायची, असं ठरलं आहे.